बाटलीविना इर्जिक

भाताला वास सुटला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि ते भातासाठी नसतं. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण माझ्या वाटणीची लाज मी केव्हाच संपवून बसलोय. आज सकाळी बांधावर गेलो होतो. इंद्रायणी पिवळी पडायला लागलीय, लोंब्या वाकल्यात, आणि ऊन तापायच्या आत खाचरातून जो गोडसर, ओलसर वास वर येतो तो आला. त्याच्यामागोमाग तीही आली. तलफ. इतक्या वर्षांनंतर! मी म्हटलं, "या, बसा. तुमचीच वाट बघत होतो." आणि विळ्याला धार लावत बसलो. धार लागेस्तोवर ती कंटाळून निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, भाताच्या वासाशी दारूचं काय नातं? आमच्याकडे आहे. आमची वस्ती कामशेतवरून आत, अकरा घरांची, सगळे एकमेकांचे काका-पुतणे. कापणीला आमच्यात इर्जिक असते. म्हणजे आज माझ्या खाचरात सगळ्यांनी यायचं, उद्या तुमच्या खाचरात मी. मजुरीचं नाव काढायचं नाही. ज्याचं शेत त्यानं दुपारी मटणाचा रस्सा आणि भाकरी घालायची, आणि ऊन कललं की गड्यांसाठी बाटली काढायची. मी चौदा वर्षांचा असताना वडिलांच्या इर्जिकीत मला पहिल्यांदा टोपणभर मिळाली. "गडी झाला रं," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मला असा काही आनंद झाला होता की विचारू नका. नाकात कापलेल्या भाताचा वास, घशात जाळ आणि पाठीवर थापा, हे तिन्ही एकाच वेळी आत गेलं ते गेलंच.

केंद्रातल्या मॅडमनी पुढं हे मला नीट समजावून सांगितलं. केंद्र म्हणजे व्यसन सोडवायचं. मॅडम म्हणजे तिथल्या समुपदेशक, आवाज मऊ आणि नजर पोलिसाची. "मिलिंदराव, मेंदू जोड्या लावतो," त्या म्हणाल्या. "वासाशी, जागेशी, माणसाशी. त्या जोड्या पुसल्या जात नाहीत. पण दार वाजलं म्हणून दरवेळी जेवायला वाढलंच पाहिजे असं नाही." मग त्यांनी मला माझ्या जोड्या लिहून काढायला सांगितल्या. पहिल्या दिवशी मी दोन लिहिल्या आणि ऐटीत कागद परत दिला. चौथ्या दिवशी मी वही मागितली.

मी कुसगावच्या एका हॉटेलात देखभालीचं काम करतो. नळ, गिझर, फ्लश, एसी. पावसाळ्यात लोणावळ्याला माणूस लोटतो, धबधब्याखाली भिजतो, खोलीत येऊन पितो आणि जाताना अर्धी बाटली टेबलाखाली विसरून जातो. मी नळ बघायला गेलो की ती उरलेली माझ्या पाण्याच्या बाटलीत. व्हिस्की, रम, बिअर, जे असेल ते एकत्र. दुकानात जाऊन मी कधीच विकत घेतली नाही, म्हणून मी दारुडा नव्हतो! विकत घेतात ते दारुडे. मी आपला वाया जाणारी वस्तू सत्कारणी लावत होतो. हा मुद्दा मी केंद्रात भर गटात मांडला तेव्हा समोरचे सगळे असे काही हसले की मॅडमनीसुद्धा तोंड फिरवलं. एक जण म्हणाला, "दादा, मी बी फक्त शनवारी प्यायचो. फक्त माजा शनवार बुदवारी लागायचा." मग मीही हसलो. स्वतःच्या खोटेपणावर चारचौघांत पोट धरून हसलो, तेव्हा पहिल्यांदा मला बरं व्हायला लागल्यासारखं वाटलं.

त्याआधीची माझी हुशारी काय सांगू! पौर्णिमेला वस्तीतल्या विहारात वंदनेला मी पहिल्या रांगेत. पंचशील म्हणताना चार शिलांपर्यंत आवाज खणखणीत, आणि पाचवं, दारूचं शील आलं की मला नेमका खोकला. वर्षानुवर्षं तोच खोकला, त्याच जागी. सुनंदा, माझी बायको, बायकांच्या बाजूला बसून तो ऐकायची. एकदा घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "खोकल्याचं औषध आणू का?" मी तिच्यावर दिवसभर रागावून बसलो होतो.

केंद्रात मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेला बाहेर येऊन महिनाभर टिकलो. दुसऱ्या खेपेला बाहेर आलो ते दसऱ्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे इकडे भात निसवून पिवळं पडायच्या बेतात. फाटकाबाहेर सुनंदानं पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुमाला हितं भरती करताना पयल्यांदा रडत सही केली. दुसऱ्यांदा रागानं केली. तिसरी सही न्हाई करायची मी. पुन्यांदा प्यालात तर तुमची वाट तुमी." तिनं आवाज चढवला नव्हता, त्यामुळे मी फार घाबरलो. मॅडमनीही बजावलं होतं, कापणी सांभाळा. मला स्वतःलाही कळत होतं की गणपती निभेल, लग्नं निभतील, पण इर्जिक? माझी इर्जिक वस्तीत प्रसिद्ध. हॉटेलातली उरलीसुरली साठवून मी गड्यांना पाजायचो. 'मिलिंदाची इंग्लिश' म्हणायचे. वर्षभर माझ्याकडे न फिरकणारी माणसं त्या दिवशी उजाडायच्या आत बांधावर हजर असायची.

माझ्या मदतीला त्या काळात एक माणूस होता, रहीमभाऊ. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान, आमच्या हॉटेलचे गणवेश त्यांच्याकडचेच. स्वतः वीस वर्षं प्यायलेले आणि त्याहून जास्त वर्षं न प्यायलेले. "आमच्यात तर मला दुप्पट लपवायला लागायची रे," ते सांगायचे. "मशीनच्या खणात, बॉबिनींच्या खाली. नमाजाला जाताना वेलदोडा चघळायचो आणि वाटायचं, जगाला नाक नाही." दर रविवारी घोरावाडी स्टेशनाजवळच्या एका खोलीत आमच्यासारख्यांचा गट बसतो, तिथं त्यांनी मला धरून नेलं. तलफ आली की तिच्याशी कुस्ती खेळायची नाही, हे त्यांनीच शिकवलं. ती आली आहे, अंगात कुठं बसली आहे, छातीत की जिभेवर, ते बघायचं आणि घड्याळ लावायचं. मी घोरावाडीच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. एक लोकल थांबून जायची, एखादी एक्स्प्रेस न थांबता धडधडत जायची, मालगाडी संपता संपायची नाही, आणि मध्येच कधीतरी ध्यानात यायचं की अरे, मघापासून आपण डबेच मोजतोय.

आणि त्यांचे चार प्रश्न. फोन केला की नमस्कार-बिमस्कार काही नाही. "पोटात काय आहे? कुणावर चिडलायस? किती वेळ एकटा आहेस? झोप झाली का?" चारांपैकी दोनांची उत्तरं वाईट आली की ते म्हणायचे, "हा तुझा राक्षस नाही, मिलिंदा. तू नुसता उपाशी आहेस. भाकर खा आणि मग फोन कर." नव्वद टक्के वेळा मला पुन्हा फोन करावा लागायचा नाही. आता रविवारी त्या खोलीत खुर्च्या मी लावतो, आणि नवीन आलेला पोरगेला माणूस तत्त्वज्ञान सांगायला लागला की मीही त्याला आधी विचारतो, जेवलास का?

तर ती कापणी. गाढवपणा मी केला तो असा. वस्तीतले सगळ्यांत मोठे म्हणजे तुळशीराम आबा, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. कापणीच्या आठवडाभर आधी ते ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "काय रं मिलिंदा, औंदा इंग्लिश हाये ना?" आणि माझ्या तोंडून निघालं, "हाये की, आबा!" का? मला नाही म्हणता येत नाही म्हणून. चांगलं म्हणवून घ्यायची मला दारूइतकीच चटक होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग मनानं वकिली सुरू केली. इंग्लिश नाही म्हटलं तर येणार कोण? दोन खाचरं दोघांनी कापायची कधी? आणखी चार दिवस उभं राहिलं तर दाणा गळेल. शिवाय दुसऱ्याला वाढली म्हणजे आपण प्यालो असं थोडंच होतं? आता आपण पक्के झालोय. होऊन जाऊ दे परीक्षा. इर्जिकीच्या आदल्या दिवशी सकाळी मी कामशेतला गेलो आणि तीन बाटल्या आणल्या. गंमत बघा, आयुष्यात पहिल्यांदा मी दारू विकत घेतली ती दारू सोडल्यावर.

घरी येऊन त्या कणगीमागे ठेवल्या. थोड्या वेळानं वाटलं, तिथं दिसतील. न्हाणीघरात सरपणाखाली ठेवल्या. पुन्हा वाटलं, सुनंदा सरपण काढेल. गोठ्यात नेल्या. दुपारी पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून उभा होतो आणि एकदम थबकलो. पाहुण्यांसाठी आणलेली वस्तू कुणी पेंढ्यात पुरतं का? मी लपवत होतो. हाताला ते सगळं पाठ होतं, हात मला न विचारता करत होता. तसाच उभ्या उभ्या रहीमभाऊंना फोन लावला.

सगळं ऐकून ते म्हणाले, "सील तुटलंय?"

"न्हाई, भाऊ."

"मग उशीर झालेला नाही. पण ऐक. हे आज सुरू झालं नाही. आबाला हो म्हणालास त्या दिवशी सुरू झालं. माणूस घसरतो तो असा, एकेक साधी गोष्ट करत करत. आता जा आणि सुनंदाला सांग."

"तुमी या ना इकडं. तुमच्यासमोर सांगतो."

"मी येणार नाही. मी काय जन्मभर तुझ्या गोठ्यात उभा राहू? फोन बंद करू नकोस, खिशात ठेव. मी इथं शिवत बसलोय."

मी फोन खिशात टाकला. खिशातून त्यांच्या मशीनचा खडखड आवाज येत राहिला आणि त्या आवाजाबरोबर मी गोठ्यातून अंगणात गेलो. सुनंदा उद्याच्या रश्श्यासाठी खोबरं भाजत होती. म्हटलं, "सुनंदा, मी तीन बाटल्या आणल्यात. गोठ्यात हायेत. फोडल्या न्हाईत."

तिचा हात थांबला. एरवी ती मला अहो-जाहो करते, पण रागानं फुटली की अरे-तुरेवर येते. "आन हितं," ती म्हणाली. आणल्या. मला वाटलं आता ही त्या उचलेल आणि ओतेल, पूर्वी ओतायची तशी. तिनं हातसुद्धा लावला नाही. "लय वर्सं वतल्या मी. मी वतायची आन तू आणायची, हाच संसार झाला. आता तुज्या हातानं. मी बगतीया."

उकिरड्यावर गेलो. झाकण पिरगाळताना सील तुटतं तो कर्रर्र आवाज! त्या आवाजानंच जीभ ओली झाली.  पहिली बाटली मी तोंड फिरवून ओतली. दुसरी ओतताना मी चक्क रडत होतो, कुणी मेल्यासारखा, आणि सुनंदा बघत होती. तिसरीला मात्र मला असा संताप आला, असा संताप, की हिच्यापायी मी बायकोला सह्या करायला लावल्या! ती मी उलटी करून, हलवून हलवून, शेवटच्या थेंबापर्यंत झटकली. कोंबड्या ओरडत लांब पळाल्या. मागं वळलो तर सुनंदा चुलीकडे निघाली होती. "खोबरं करपलं तुमच्यापायी," ती म्हणाली. मी परत 'तुमी' झालो होतो. खिशातला फोन कधी बंद झाला ते मला कळलं नाही.

दिवेलागणीला मी आपलं सोडून दहाच्या दहा घरी गेलो. प्रत्येक दारात तेच बोललो. "उद्या आमच्यात इर्जिक हाये. मटण हाये. बाटली न्हाई. मी सोडलीया." हे शेवटचे दोन शब्द पहिल्या दारात तोंडातल्या तोंडात गेले, पाचव्या दारात नीट निघाले, दहाव्या दारात मी जवळजवळ ओरडलो. तिथं तुळशीराम आबा होते. "बाटली न्हाई? मग इर्जिक कशाला म्हणतूस? शाळा म्हण," ते म्हणाले आणि पाठ करून बसले.

सकाळी सात वाजता बांधावर आम्ही दोघंच. विळा घेऊन वाकलो. सुनंदाची ओळ माझ्यापुढं. आठ वाजत आले. मी मनात हिशेब करत होतो की दोघांना किती दिवस लागतील, आणि दाणा किती गळेल, आणि संध्याकाळपर्यंत माझं काय होईल. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून कालवा ऐकू आला. बघतो तर बायका! वस्तीतल्या एकूण एक बायका, डोईला पदर बांधून, हातात विळे. पुढं हौसाकाकी, तुळशीराम आबांची बायको.

"काय गं सुनंदा, औंदा बाटली न्हाई म्हनं?"

"न्हाई, काकी."

"मग सरक तिकडं. मदली वळ मला दे." वाकता वाकता त्या बोलतच होत्या. "माजं अर्दं आयुष्य गेलं इर्जिकीत. दिवसभर कापायचं, मग ह्यांना धरून घरी न्यायचं आन ओकारी पुसायची. आज म्हनलं, जलमात एकदा तर नुसती कापणी करून बगू कशी लागती!" सगळ्या हसायला लागल्या. अशा हसल्या की वरच्या रस्त्यावरून जाणारा दूधवाला थांबून बघायला लागला. मी विळा हातात धरून तसाच उभा होतो. मी आयुष्यभर गड्यांना काय वाटेल याच्या भीतीनं पाजत आलो होतो, आणि निम्मी वस्ती बाटली नसण्याची वाट बघत होती! मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला एकेक पुरुष उगवायला लागला. खालमानेनं, इकडंतिकडं बघत. कारण काय? वस्तीत एकाही घरात चूल पेटलेली नव्हती. बायकांनी ठरवून पेटवली नव्हती. भाकरी पाहिजे असेल तर ती आमच्या बांधावर होती. सगळ्यांत शेवटी आबा आले, विळा काखेत आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

दुपारी पंगत बसली. रस्सा करपल्या खोबऱ्याचा, तरी बोटं चाटत खाल्ला. जेवण होऊन जरा टेकलो, तर आबा शेजारी सरकले आणि कमरेतून चपटी काढली. "घे. एक घोट. दमलाईस. कुणाला कळतंय?" झाकण उघडं होतं. वास थेट नाकात. आजूबाजूला कापलेलं भात. ती चौदाव्या वर्षातली जोडी, तशीच्या तशी. हात मांडीवरून थोडा उचलला गेला, खोटं कशाला सांगू. मग मी स्वतःलाच विचारलं. पोट? भरलेलं. झोप? झाली नाही. राग? होय, प्रचंड. एकटा? मी मान वर करून बघितलं. पंचवीस माणसं माझ्या खाचरात बसली होती, आणि सुनंदा हातातली भाकरी तशीच धरून माझ्याकडे बघत होती.

उठून उभा राहिलो. "आबा, तुमी मोठे. तुमच्या घरी तुमी काय बी करा. पण माज्या शेतात ही न्हाई. प्यायची आसल तर वर रस्त्यावर जा." आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला.  चांगलं म्हणवून घेण्यासाठी जगलेला मी, भर पंगतीत वडीलधाऱ्या माणसाला शेताबाहेर काढत होतो! आबा उठले, धोतर झटकलं आणि रस्त्यावर जाऊन झाडाखाली बसले. मी विळा घेतला आणि कापायला लागलो. मूठ, विळा, मूठ, विळा. ओळ संपेपर्यंत मान वर केली नाही. 

तासाभरानं आबा खाली आले. "बसून बसून पायाला मुंग्या आल्या," असं कुणालाच उद्देशून म्हणाले आणि कापायला लागले. त्यांनी वर काय केलं ते मी विचारलं नाही. आबा आजही पितात. रविवारी चला म्हटलं की शिव्या देतात. तो त्यांचा प्रश्न. मी विचारायचं थांबवत नाही.

दिवस कासराभर वर असताना दोन्ही खाचरं रिकामी झाली. एका दिवसात आजवर कधी झाली नव्हती, कारण आजवर उन्हं उतरली की गडी आडवे व्हायचे आणि निम्मं भात दुसऱ्या दिवसावर जायचं. मी बांधावर चढून बघितलं. कापलेलं भात ओळीनं पसरलेलं, बायका विळे पुसतायत, आणि मी शुद्धीवर! मला सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं. मी जिंकलो होतो आणि ते मला स्पष्ट कळत होतं. असा मी त्याआधी कधी जिंकलो नव्हतो.

मग दहा घरची फेड. दहा इर्जिकी, आणि तिथं बाटल्या होत्याच. ऊन कललं की मी थर्मासमधला चहा काढायचो, बायकांच्या घोळक्यात बसून प्यायचो आणि पुन्हा कापायला लागायचो. गडी चिडवायचे, मी उलट चिडवायचो. दहाव्या दिवशी चहाला आणखी दोघे जण आले.

शेवटची इर्जिक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा नवी साडी नेसून बाहेर आली. म्हणाली, "सुदुंबऱ्याला जाऊन येते." सुदुंबरे तिचं माहेर. मी विचारलं, "दिवे लागायच्या आत येशील ना?" विचारायचं काय होतं? लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि ती एकदाही रात्रीची माहेरी राहिली नव्हती. आई आजारी होती तेव्हासुद्धा सकाळी जाऊन संध्याकाळी परत. घरी मला कोण बघणार, म्हणून.

"चार दिस ऱ्हाणार हाये," ती म्हणाली. "भात दुपारी उलटून घाला. शेरडांना पाणी. डाळ डब्यात हाये."

"रोज फोन करू का?"

"कशाला? काम न्हाई व्हय तुमाला?"

जीप आली. खिडकीशी बसली आणि बसल्या बसल्या शेजारच्या बाईशी गप्पांना लागली. मी रस्त्यावर उभा राहिलो. पूर्वी ती सकाळपुरती जरी गेली तरी त्या वळणावर मान मोडेपर्यंत मागं बघायची. जीप वळणापर्यंत गेली, वळली, दिसेनाशी झाली. तिनं मागं वळून बघितलं नाही.